भांडण त्यांचे, भरपाई आपल्या खिशातून



मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : यंदा कापसाला भाव काय मिळणार? हा प्रश्न आपण अडत्याला विचारतो, जिनिंगवाल्याला विचारतो, खेडा खरेदीला आलेल्या दलालाला विचारतो. त्यांच्यापैकी कोणाकडेच याचे खरे उत्तर नाही. ते उत्तर वॉशिंग्टन, बीजिंग, जिनिव्हा आणि दिल्ली या चार ठिकाणी ठरते. परदेशाचे राजकारण म्हणजे शिकलेल्यांनी वर्तमानपत्र वाचून करायच्या गप्पा, असे समजून आपण हा विषय सोडून दिला. आपण सोडला म्हणून त्याने आपल्याला सोडले नाही. तो दरवर्षी आपल्या काट्यावर येऊन बसतो.

या लेखात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. देशादेशांची व्यापारी भांडणे होतात तेव्हा कोणाचे तरी नुकसान होतेच. ते नुकसान कोणाच्या खिशातून भरून काढायचे, हे ज्या त्या देशाचे सरकार ठरवते. अमेरिकेच्या सरकारने आपल्या शेतकऱ्याचे नुकसान तिजोरीतून भरून दिले. आपल्या सरकारने गिरणीचे नुकसान भरून देण्यासाठी कापूस उत्पादकाच्या खिशात हात घातला. हा आरोप आहे. तो नुसता घोषणेवर सोडायचा नसेल तर तारखा आणि आकडे मांडले पाहिजेत. ते पुढे मांडतो.

२०२५ चा ऑगस्ट

७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या मालावर २५ टक्के जादा कर लावला. भारत रशियाकडून तेल घेतो, त्याची शिक्षा म्हणून आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून लावले. मिळून ५० टक्के. तेल घेणाऱ्या कंपन्यांचा आणि कपाशीचा काय संबंध? संबंध असा की अमेरिका हे भारतीय तयार कपड्यांचे मोठे गिऱ्हाईक. तिरुपूरचा कारखानदार ओरडला, त्याच्यामागे सूतगिरण्या ओरडल्या. त्यांचे ओरडणे खोटे नव्हते. त्यांच्या ऑर्डरी खरोखरच अडकल्या होत्या.

दिल्लीने यावर काय केले? अमेरिकेचा दुसरा हप्ता लागू होण्याआधीच, १९ ऑगस्टपासून, परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर उठवला. आधी सांगितले ३० सप्टेंबरपर्यंत. मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. कारण दिले ते कापडउद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा हे.

या मुदतीकडे कोरडवाहू शेतकऱ्याच्या नजरेने पाहा. आपली पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास. दिवाळीचा बाजार, वेचणीची मजुरी, कृषी केंद्राची उधारी, रब्बीचे बियाणे, पोरांची फी, हे सगळे त्या पहिल्या-दुसऱ्या वेच्यावर भागवायचे असते. ज्याच्या घरात कापूस ठेवायला जागा आहे आणि थांबायला पैसा आहे, तो जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत थांबतो. ज्याला थांबता येत नाही त्याचा कापूस डिसेंबर संपायच्या आत घराबाहेर गेलेला असतो. परदेशी मालाला दार उघडे ठेवले ते नेमके तेवढेच महिने. हे कोणी मुद्दाम ठरवले असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे याहून गंभीर आहे. ठरवताना आपला विचारच कोणाच्या मनात आला नाही.

त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. हंगामाच्या सुरुवातीला अनेक मोंढ्यांत बोली त्याच्या खाली राहिली. सीसीआयच्या केंद्रावर द्यायचा तर मोबाईलवर नोंदणी, सातबारावर पिकाची नोंद, ओलाव्याची अट आणि रांग. ज्याला यातले एकही जमले नाही त्याने व्यापाऱ्याला दिला.

न्यूयॉर्कचा एक सेंट म्हणजे आपले किती?

टीव्हीवर सांगतात की न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस दोन सेंटने उतरला. आपल्याला वाटते, दोन सेंट म्हणजे काय, दोन कवड्या. एकदा हिशेब करू.

एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. ३४ किलो म्हणजे ७५ पौंड. जगाचा भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात. म्हणजे भाव एका सेंटने हलला की आपल्या क्विंटलमागे ७५ सेंट हलले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ते झाले जवळजवळ ६४ रुपये. डॉलर त्याहून महाग असेल तर आकडा वाढेल. हा आकडा पाठ करून ठेवा : तिकडचा एक सेंट म्हणजे इकडे क्विंटलला चौसष्ट रुपये.

आता आयातकर. परदेशी रुई ७५ सेंट पौंडाने बंदरात पोचली असे हिशेबाच्या सोयीसाठी धरू. तिच्यावर ११ टक्के म्हणजे सव्वाआठ सेंट. सव्वाआठला चौसष्टने गुणा. क्विंटलमागे ५२८ रुपये झाले. कर उठला की दुसऱ्याच दिवशी आपला भाव बरोबर ५२८ रुपयांनी पडतो असे नाही. बाजार इतका सरळ नसतो. पण गिरणीवाला आपल्या रुईला जास्तीत जास्त किती भाव देईल याचे जे छप्पर असते, ते तेवढ्याने खाली येते. माल कमी असेल तर आपण छपराला टेकतो, मोंढा भरलेला असेल तर त्याच्या बरेच खाली राहतो. छपर खाली आणले आणि तेही आवकेच्या दिवसांत, तर मार दुहेरी बसतो.

आणि माल आलाही. २०२४-२५ च्या हंगामात देशातली कापसाची आयात आदल्या हंगामाच्या दुपटीहून अधिक झाली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हाच देश जगाला शंभर लाखांवर गाठी विकत होता.

तिकडे भांडण झाले तेव्हा

आता दुसऱ्या बाजूचा दाखला. २०१८ साली अमेरिका आणि चीन यांचे व्यापारी भांडण पेटले. चीनने अमेरिकी शेतमालावर कर लावले. त्यात आपल्या ओळखीचे एक पीक होते, ज्वारी. अमेरिकेतली ज्वारी माणसे फारशी खात नाहीत. ती चीनला जनावरांच्या खाद्यासाठी आणि दारूच्या भट्ट्यांसाठी जाते. फेब्रुवारी २०१८ मध्ये चीनने या ज्वारीची चौकशी लावली आणि एप्रिलमध्ये आयातदारांकडून १७८.६ टक्के अनामत मागितली. समुद्रात निघालेली ज्वारीची जहाजे अर्ध्या वाटेतून दुसरीकडे वळवावी लागली. महिनाभरात चीनने चौकशी मागे घेतली, पण भाव हलायचा तो हलला.

अमेरिकेच्या सरकारने त्या ज्वारीवाल्याला धीर धरा, देशासाठी सोसा असे सांगितले का? जुलै २०१८ मध्ये १२ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. ज्वारीला बुशेलमागे ८६ सेंट, म्हणजे आपल्या मापात क्विंटलला सुमारे ३ डॉलर ४० सेंट. कापसाला पौंडमागे ६ सेंट. वर पाठ केलेला आकडा लावा : क्विंटल कापसाला ३८० रुपयांहून जास्त. हे भावाव्यतिरिक्त, थेट खात्यात. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, आणखी १६ अब्ज डॉलरची योजना आणली.

त्या देशाच्या दानतीचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्या पैशातला मोठा वाटा मोठ्या जमीनदारांकडे गेला, यावर तिथेही टीका झाली. मुद्दा एवढाच की भांडण सरकारने काढले, तर भरपाई सरकारने तिजोरीतून दिली. २०२५ साली भांडण दोन सरकारांचे, आणि भरपाईसाठी वर्धा, यवतमाळ, परभणी, जालन्याचा शेतकरी निवडला गेला.

रुई वगळली, कापूस आणला

अमेरिकेच्या कापसाला तिथली तिजोरी किती जपते, हे समजायला पंचवीस वर्षे मागे जावे लागेल. २००१ च्या शेवटी जगाचा भाव पौंडाला ४० सेंटच्या खाली गेला होता. त्या भावात कोणाचाच खर्च निघत नव्हता. अमेरिकेतल्या शेतकऱ्याचाही निघत नव्हता. तरी तिथला पेरा आणि निर्यात कमी झाली नाही. कारण १९९९ पासूनच्या चार हंगामांत तिथल्या सरकारने कापसाला सुमारे साडेबारा अब्ज डॉलर दिले. कापूस पिकवणारे तिथे पंचवीस हजारांच्या आसपास. जेवढ्या किमतीचे पीक, जवळजवळ तेवढेच अनुदान. अमेरिकेचा महाग कापूस घेणाऱ्या तिथल्या गिरण्यांना आणि निर्यातदारांनाही फरकाची रक्कम मिळत असे.

याविरुद्ध ब्राझील उभा राहिला. सप्टेंबर २००२ मध्ये त्याने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेवर खटला भरला. तिथल्या कापूस उत्पादकांच्या संघटनेने वकिलांच्या खर्चाला हात दिला. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला. अमेरिकेने एक योजना बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या. ब्राझील परत दारात. २००९ मध्ये त्याला प्रतिकारवाईची परवानगी मिळाली. मग ब्राझीलने खरी नस धरली. अमेरिकी मालावर कर तर लावूच, शिवाय तुमच्या कंपन्यांचे पेटंटचे हक्कही आमच्या देशात रोखू, असे बजावले. तेव्हा अमेरिका बोलणीला आली. २०१० पासून वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस शेतकऱ्यांसाठी देण्याचे कबूल केले. २०१४ मध्ये एकरकमी ३० कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. त्या पैशातून ब्राझीलने कापसाची वेगळी संस्था उभी केली, शेतकऱ्यांचे प्रशिक्षण आणि कीड नियंत्रण यांवर खर्च केला. २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीत ब्राझीलने अमेरिकेला मागे टाकले. तिथला बहुतेक कापूस पावसावरचाच आहे, हे कोरडवाहूवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

पण अमेरिकेने धडा घेतला असे समजू नका. २०१४ च्या कायद्यात रुई अनुदानाच्या मुख्य यादीतून वगळली आणि तिच्यासाठी वेगळा विमा आणला. २०१८ मध्ये त्याच यादीत एक नवे पीक घातले. त्याचे नाव ‘सरकीसह कापूस’. रुई आणि कापूस यांत काय फरक, हे ज्याने एकदा तरी जिनिंग पाहिले आहे त्याला सांगायला नको. पुढच्या दाराने काढलेला माणूस टोपी बदलून मागच्या दाराने आला. २०२५ च्या जुलैमध्ये नवा कायदा करून या कापसाचा आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला.

हे ४२ सेंट आपल्या मापात किती? क्विंटलला साधारण ७,८७० रुपये. म्हणजे आपल्या हमीभावाच्या आसपासच, थोडा कमीच. हा आकडा लपवून ठेवणे बरे नाही. उद्या कोणी तो आपल्या तोंडावर फेकेल, म्हणून आपणच मांडतो. मग फरक कुठे आहे? फरक दोन ठिकाणी आहे. एक, तिथे बाजारभाव आधारभावाखाली गेला की नोंदलेल्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर फरकाची रक्कम सरकार देते. माल कोणाला विकला, केंद्र उघडले की नाही, ओलावा किती, हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे भाव जाहीर होतो, फरक मिळत नाही. दोन, तिथे हेक्टरी रुई आपल्या दुपटीच्या आसपास निघते, ब्राझीलमध्ये चौपट. आपण देशभराची सरासरी काढली तर साडेचारशे किलोच्या जवळपास अडकलो आहोत. हलकी जमीन, पावसाचा खंड, गुलाबी बोंडअळी, बियाण्याचे जुने तंत्रज्ञान, ही सगळी कारणे खरी आहेत. त्यांवर संशोधनाचा पैसा लागतो, आणि तो पैसा मागायची जागा वेगळी नाही. जो भाव पाडतो तोच संशोधनाचा खर्चही अडवतो.

जिंकणारा जिंकला, गरीब तिथेच राहिला

या लढाईत आणखी चार देश होते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. आपल्यासारखीच बिनपाण्याची शेती, हाताची वेचणी, कापूस हेच रोकड पीक, आणि खायला ज्वारी-बाजरी. २००३ साली या चौघांनी एकत्र येऊन जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की श्रीमंत देशांनी कापसाची अनुदाने बंद करावीत आणि तोवर आमची भरपाई करावी. त्याच सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या कानकुनची परिषद मोडली, त्यात कापूस हे एक कारण होते. २००५ मध्ये हाँगकाँगला कबूल झाले की श्रीमंत देश कापसाची निर्यात अनुदाने बंद करतील आणि देशातली अनुदाने इतर पिकांपेक्षा लवकर आणि जास्त कमी करतील. पहिले बरेचसे झाले. दुसरे आजही कागदावर आहे. २०१९ पासून ७ ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन म्हणून साजरा होतो, भाषणे होतात. भरपाईच्या नावाने पूज्य.

ब्राझीलला पैसे मिळाले, या चौघांना का नाही? न्याय दोघांच्याही बाजूने होता. पण ब्राझीलकडे वकील होते, आकडे होते, आणि समोरच्याला झोंबेल असे काहीतरी हातात होते. समझोता झाला तेव्हा ब्राझीलने अमेरिकेच्या त्या कायद्याची मुदत असेपर्यंत कापसावर नवा खटला न भरण्याचे कबूल केले. आफ्रिकेचा कापूसवाला त्या कागदावर कुठेच नव्हता. आता तर खटला भरला तरी अपील चालवणारे कोणी नाही. अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ बंद पडले आहे. न्यायालयाला कुलूप आणि बाजारात दांडगाई, अशी आजची गत आहे.

नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावावरून शेतकरी चळवळीत दोन तट पडले होते. शरद जोशींनी पाठिंबा दिला, कर्नाटकात नंजुंडस्वामींनी कडाडून विरोध केला. एक म्हणत, बाजार खुला झाला की सरकारची पकड सुटेल आणि शेतकऱ्याला जगाचा भाव मिळेल. दुसरे म्हणत, परदेशी माल येऊन आपण बुडू. तीस वर्षांनी दोघांच्याही म्हणण्याचा हिशेब मांडला तर काय दिसते? बाजार खुला झाला, पण फक्त एका बाजूने. भाव चढला की निर्यातीचे दार बंद, भाव चढू लागला की आयातीचे दार उघडे.

आपले सरकार कोणत्या बाकावर?

हे वाक्य आम्ही रागाने लिहिलेले नाही, तारखा पाहून लिहिले आहे.

एप्रिल २०१० : जगात कापूस तेजीत येत होता. सरकारने रुईच्या निर्यातीवर टनाला २,५०० रुपये कर लावला आणि पाठोपाठ निर्यातीची नोंदणीच थांबवली. पुढच्या वर्षी, मार्च २०११ मध्ये, जगाचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला.

५ मार्च २०१२ : निर्यातबंदी. ओरड झाल्यावर काही दिवसांतच माघार, पण तेवढ्यात बाजार घाबरला.

एप्रिल २०२२ : कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. कित्येक वर्षांनी शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे दिसत होते. १४ एप्रिलपासून आयातकर माफ, पुढे वाढवून ३१ ऑक्टोबरपर्यंत.

ऑगस्ट २०२५ : वर सांगितलेच.

सरकारे वेगळी, पक्ष वेगळे, खाते एकच. २०१०, २०१२ चे सरकार एका पक्षाचे, २०२२, २०२५ चे दुसऱ्याचे. म्हणून हा प्रश्न पक्षाचा नाही. कच्चा माल स्वस्त ठेवला की देशाची प्रगती होते, ही समजूत इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तो आपल्या सोयीसाठी नव्हे, कापूस बंदरावर लवकर नेता यावा म्हणून. गिरणी परदेशातून देशात आली. समजूत तशीच राहिली.

दुसरीकडे याच देशावर ‘तुम्ही कापसाला फार अनुदान देता’ असा आरोप होतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तसा कागदच दाखल केला. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. आजचा हमीभाव घ्यायचा, त्यातून १९८६-८८ सालचा जगाचा भाव वजा करायचा, आणि फरकाला देशात पिकलेल्या सगळ्या कापसाने गुणायचे. सीसीआयने एक गाठ घेतली काय आणि लाख घेतल्या काय, हिशेब सगळ्या पिकाचा. भारताचे म्हणणे की जेवढा प्रत्यक्ष खरेदी केला तेवढाच मोजा. इथे भारत सरकार बरोबर आहे, आणि तसे आपण उघडपणे म्हटले पाहिजे. पण जिनिव्हात ‘आम्ही थोडाच कापूस हमीभावाने घेतो’ असे सांगणारे सरकार इथे येऊन ‘आम्ही हमीभाव दिला’ असे सांगते, हेही म्हटले पाहिजे.

गिरणीवाल्याचे म्हणणे

गिरणीवाल्यांची बाजू न ऐकता निकाल देणे बरे नाही. ते म्हणतात, बांगलादेश आणि व्हिएतनामचा कारखानदार जगभरातून करमुक्त कापूस घेतो, आम्हाला ११ टक्के का? आमच्या गिरण्या बंद पडल्या तर तुमचा कापूस घेणार कोण? इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत लाखो मजूर आहेत, त्यांची पोरे आपल्याच गावची आहेत. शिवाय आपल्या गाठींत कचरा, पोत्याचे धागे, केस सापडतात, हेही खरे.

हे म्हणणे आम्ही झटकून टाकत नाही. गिरणी जगली पाहिजे. पण ती कोणाच्या पैशाने? अमेरिकेने लावलेल्या कराचा फटका राष्ट्रावरचा फटका असेल, तर तो राष्ट्राच्या तिजोरीने सोसावा. गिरणीला व्याजात सवलत द्या, निर्यातीवर परतावा द्या, वीजदर कमी करा. ते सगळ्या करदात्यांकडून येईल. आयातकर उठवला की तीच मदत फक्त कापूस पिकवणाऱ्याकडून येते, आणि तीही कोणत्या अंदाजपत्रकात न लिहिता. ज्याचे घर सर्वांत कच्चे त्यानेच गावाची वर्गणी एकट्याने भरायची, असा हा प्रकार आहे.

आपण काय मागायचे?

कायमचे संरक्षण, कायमची मदत अशी मागणी आम्ही करत नाही. नियम आधी सांगा, आणि खेळ सुरू झाल्यावर बदलू नका, एवढीच मूळ मागणी आहे. मेळाव्यापुढे चार ठराव ठेवत आहोत.

१. कापसाच्या आयातकरात करायचा कोणताही बदल ३१ मेपूर्वी, म्हणजे पेरणीआधी, जाहीर व्हावा. ऑक्टोबर ते मार्च या काळात आयातकर कमी करू नये आणि निर्यातीवर बंधन घालू नये.

२. परदेशाशी झालेल्या भांडणामुळे किंवा करारामुळे सरकारने हंगामात असा निर्णय घेतलाच, तर हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक नोंद असलेल्या प्रत्येक कापूस उत्पादकाला थेट द्यावा. माल केंद्रावर दिला की व्यापाऱ्याला, हे पाहू नये.

३. ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ साठी संकरितला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये जाहीर झाला. जाहीर केलेला भाव मोंढ्यात मिळत नसेल तर तिथेही हाच फरकाचा नियम लावावा. कापूस पडला की शेतकऱ्याने ज्वारीकडे वळावे असे सांगणाऱ्यांनी आधी ज्वारीचा भाव टिकवून दाखवावा.

४. जागतिक व्यापार संघटनेत भारताने बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांच्या बरोबर उभे राहून कापसाच्या अनुदानांचा प्रश्न लावून धरावा. त्यांचा शेतकरी आणि आपला शेतकरी एकाच बैलगाडीत आहे.

ठराव पास करून घरी गेलो तर काही होणार नाही. ब्राझीलच्या शेतकऱ्याने खटला भरायच्या आधी काय केले होते, तर आकडे जमवले होते. आपल्याकडे आकडे नाहीत. तोट्याची हकिगत प्रत्येकाकडे आहे, कागद कोणाकडे नाही. म्हणून प्रत्येक गावशाखेने एक साधी वही करावी. कोणत्या तारखेला, कोणत्या मोंढ्यात किंवा गावात, किती क्विंटल, काय भावाने विकला, हमीभावापेक्षा किती कमी, एवढेच लिहायचे. सोबत काटापट्टी किंवा तिची झेरॉक्स. खेडा खरेदीत पट्टी मिळत नाही, ती मागून घ्यायची. देत नसेल तर तेही वहीत लिहायचे. घरातल्या बाईने वही सांभाळली तर ती नीट राहील असा आमचा अनुभव आहे, कारण उधारीचा हिशेब तिलाच तोंडपाठ असतो.

एका तालुक्यातल्या शंभर गावांच्या अशा वह्या एकत्र आल्या की आपल्या हातात पहिल्यांदाच असा कागद येईल, जो जिल्हाधिकाऱ्यापुढे, खासदारापुढे आणि गरज पडली तर न्यायालयापुढे ठेवता येईल. त्यावर एकच प्रश्न विचारायचा आहे : परदेशाशी झालेल्या भांडणाची भरपाई आमच्याकडून किती वसूल केली, आणि ती परत कधी देणार?

पुढच्या जिल्हा मेळाव्याला येताना वह्या घेऊन या.